लँडलाइनवरचे गूढ फोन: एक भानगड नाही, तीन-चार वेगळी दुखणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडला आई-वडील दोघेच राहतात. घरी तांब्याच्या तारेवरचा जुना लँडलाइन आहे, त्याच तारेवर ब्रॉडबँडचा मोडेम, हॉलमध्ये कॉर्डलेस आणि माडीवर एक एक्स्टेंशन. पावसाळा लागल्यापासून रात्री अडीचच्या सुमारास फोन एकदाच 'टिंग' करतो आणि गप्प बसतो. संध्याकाळी सहा-सातच्या दरम्यान फोन येतो, उचलला की पलीकडे कोणी बोलत नाही. पुण्याची आत्या म्हणते, 'मी फोन केला, कोणीतरी उचलला, पण बोललंच नाही.' इकडे तर घंटा धड वाजलीही नव्हती. शिवाय बिलात कोणी न केलेले काही कॉल दिसतात. वडिलांची खात्री झाली आहे की घरावर कोणीतरी नजर ठेवून आहे. आई काही बोलत नाही, पण रात्री फोनची वायर काढून ठेवते.

ताई, माझी सगळी नोकरी लाइनवर गेली. डीपी (घराघराच्या टेलिफोन तारा जिथून फुटतात ती पेटी), पिलर, केबलचे जॉइंट आणि लोकांच्या भिंतींवरचे रोझेट. 'ब्लँक कॉल येतात' अशी तक्रार असलेल्या घरात गेलं की बहुतेक वेळा एकच चित्र दिसायचं: दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी घरच्यांनी एकत्र बांधलेल्या असायच्या. मनात एकदा संशय बसला की मग फोनचा प्रत्येक आवाज त्याच एका अज्ञात माणसाच्या खात्यावर जमा होतो. तुमच्याकडेही तेच झालं आहे. रात्रीचा टिंग, संध्याकाळची शांतता, आत्याचा फोन आणि बिलातले कॉल यांना मी एकत्र धरणार नाही. प्रत्येकाचं कारण वेगळं असणार आणि उपायही वेगळा.

वडिलांना आधी एवढं सांगा की चोरून फोन ऐकणाऱ्याला घंटा वाजवायची काहीच गरज नसते. घरात काही कळू नये हीच त्याची पहिली काळजी असते. टिंग होणं, खरखर होणं, मधेच दुसऱ्यांचं बोलणं ऐकू येणं, यातलं काहीही टॅपिंगचं लक्षण नाही. ही ओल्या तारेची किंवा यंत्रणेची लक्षणं आहेत.

कामाला सुरुवात वहीपासून करा. फोनशेजारी वही-पेन ठेवा आणि प्रत्येक वेळी लिहा: मोबाइलच्या घड्याळात किती वाजले (भिंतीवरचं घड्याळ नको), घंटा पूर्ण वाजली की अर्धवट तुटली, उचलल्यावर नेमकं काय ऐकू आलं, कॉलर आयडीवर नंबर आला का, पाऊस होता का, लाइट गेली-आली का. 'काय ऐकू आलं' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. डायल टोन ऐकू आला, निव्वळ शांतता होती, मागे माणसांचा गलबला होता, की ठरावीक अंतराने बीप येत होता, या चार उत्तरांवरून अर्धं निदान इथे बसल्या बसल्या होतं. उचलल्यावर डायल टोन आला तर पलीकडे कोणी नव्हतंच. एकतर त्याने आधीच फोन ठेवला होता, नाहीतर मुळात कॉलच नव्हता.

आत्याच्या फोनपासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यात गूढ वाटतो आणि सगळ्यात सरळ आहे.

फोन ठेवलेला असतो तेव्हा तुमच्या जोडतारेवर एक्स्चेंजकडून साधारण 48 व्होल्ट डीसी असतो, पण करंट वाहत नाही. कॉल आला की त्यावर साधारण 75 व्होल्टचा, 25 हर्ट्झचा एसी चढतो आणि घंटा वाजते. आपल्याकडची ती 'ट्रिंग-ट्रिंग, थांबा, ट्रिंग-ट्रिंग' अशी. घंटा देत असताना एक्स्चेंज सतत एकच गोष्ट तपासत असतं: तारेतून डीसी करंट वाहू लागला का? वाहू लागला म्हणजे समोरच्याने रिसीव्हर उचलला, असं समजून ते घंटा थांबवतं आणि दोघांना जोडून देतं. याला आम्ही रिंग ट्रिप म्हणतो. आता वाटेत कुठेतरी जॉइंटमध्ये पाणी शिरलं असेल, तर दोन तारांमध्ये त्या ओलीतून करंट झिरपतो. पहिल्या घंटेचा दाब आला की झिरपणं वाढतं आणि एक्स्चेंजची समजूत होते की फोन उचलला. तुमच्या घरी अर्धी घंटा वाजून तुटते. पुण्याला आत्याच्या कानात घंटा थांबून शांतता येते आणि ती 'हॅलो, हॅलो' करत बसते. कोणी उचललेलं नाही आणि कोणी लपून ऐकतही नाही. आत्याचा तो कॉल मात्र लागला म्हणून मोजला जातो.

हीच ओल वाढली की फोन पूर्णच बंद पडतो. सगळे रिसीव्हर जागेवर असूनही एक्स्चेंजला वाटतं की फोन उचलून ठेवला आहे. आमच्या बोलीत 'लाइन पीजी झाली'. बाहेरून फोन करणाऱ्याला एंगेज टोन मिळतो आणि लोक म्हणतात, तुमचा फोन दिवसभर बिझी होता, कोणाशी बोलत होता? दोन दिवस ऊन पडलं की सगळं आपोआप ठीक होतं आणि लाइनमन येईपर्यंत दोषही नाहीसा झालेला असतो. म्हणून पावसाची नोंद वहीत हवी.

पाणी कुठे शिरतं ते पाहू. बहुतेक घरांत पहिला संशयित रोझेट, म्हणजे बाहेरून आलेली ड्रॉप वायर जिथे संपते ती भिंतीवरची छोटी चौकोनी पेटी. स्क्रू काढून झाकण उघडा. आत दोन स्क्रूंवर दोन तारा कसलेल्या दिसतील. तांबं लालसर आणि चकचकीत असेल तर उत्तम. स्क्रूभोवती हिरवट-पांढरी पूड जमली असेल, तारेच्या टोकाला हिरवा गंज असेल, मुंग्यांनी माती आणून घर केलं असेल किंवा पालीने अंडी घातली असतील, तर तुमचा निम्मा दोष तिथेच आहे. मग ड्रॉप वायर खिडकीतून किंवा भोकातून आत कशी येते ते पाहा. आत शिरण्याआधी वायरला खाली झोळ दिलेला असावा लागतो, म्हणजे पाणी त्या झोळावरून खाली टपकतं. झोळ नसला आणि वायर वरून सरळ उतरत आत आली असली, की पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत थेट रोझेटमध्ये उतरतं. मी पाहिलेल्या कितीतरी 'भुताच्या' फोनचं भूत हे हातभर वायरचा झोळ नसणं एवढंच होतं.

दुरुस्ती तुम्ही स्वतः करू शकता, पण नियम पाळून. फोन वाजत असताना उघड्या तारांना हात लावायचा नाही. 75 व्होल्टचा झटका सहसा जिवावर बेतत नाही, पण स्टुलावरून पाडू शकतो. वीज कडाडत असताना तर रोझेट उघडायचाच नाही. काळी पडलेली टोकं कापा, अर्धा इंच नवीन तांबं उघडं करा, ब्लेडने हलकेच खरवडा आणि स्क्रू नीट कसा. माडीवर जाणारी वायर याच पेटीतून निघत असेल तर तीही तपासा. घरातल्या एक्स्टेंशनच्या वायरी बहुतेक वेळा नुसत्या पिळून चिकटपट्टी लावून जोडलेल्या असतात, आणि तो पीळ नेमका बाथरूमशेजारच्या ओल्या भिंतीवर असतो.

दोष घरात आहे की बाहेर, हे ठरवण्यासाठी याहून चांगली चाचणी मला माहीत नाही: कॉर्डलेस, माडीचा फोन, मोडेम, स्प्लिटर, सगळं काढा. एक साधा वायरचा फोन, ज्याला लाइटच्या प्लगची गरज नाही असा, थेट रोझेटला लावा. घरातल्या वायरिंगच्या तारा स्क्रूवरून सोडवून बाजूला ठेवा. दोन-तीन पावसाळी दिवस तसंच राहू द्या. इंटरनेटशिवाय वडिलांची थोडी कुरकुर होईल, होऊ द्या. या काळात अर्धवट घंटा बंद झाल्या तर दोष घरात होता. चालू राहिल्या तर बाहेरच्या तारेत आहे, आणि मग तुम्ही लाइनमनला 'तुमच्या घरातच गडबड आहे' असं म्हणू देऊ नका.

तार ऐकायचीही एक जुनी पद्धत आहे. रिसीव्हर उचला, डायल टोन येईल. 1 सोडून कोणताही एक आकडा दाबा, टोन बंद होईल. आता काही सेकंद नुसतं ऐका. निरोगी तार जवळजवळ मुकी असते. तव्यावर फोडणी तडतडावी तसा आवाज आला तर जॉइंट ढिला किंवा गंजलेला. सलग घुंई असा आवाज म्हणजे विजेच्या तारेचा परिणाम, किंवा एक तार जमिनीला टेकलेली. दुसऱ्याचं बोलणं ऐकू आलं तर केबलमध्ये जोड्या एकमेकींना लागल्या आहेत, किंवा जोडताना एका जोडीची तार दुसऱ्या जोडीत गेली आहे. तुम्हाला शेजाऱ्यांचं ऐकू येत असेल तर त्यांनाही तुमचं ऐकू येत असणार, तेवढं लक्षात ठेवून बोला.

मल्टिमीटर असेल तर 200 व्होल्ट डीसीवर ठेवून रोझेटच्या दोन स्क्रूंवर लावा. फोन ठेवलेला असताना 46 ते 54 च्या आसपास आकडा स्थिर दिसायला हवा. उचलल्यावर तो 6 ते 12 वर उतरेल. ठेवलेला असतानाच तिशीत असेल आणि डोळ्यांदेखत वरखाली होत असेल, तर झिरपतंय. हे आकडे वहीत लिहा. कंपनीकडे तक्रार देताना 'विचित्र कॉल येतात' असं लिहू नका. त्यावर उत्तर ठरलेलं आहे, 'पोलिसांकडे जा'. असं लिहा: 'पावसात घंटा अर्धवट तुटते, लाइनवर खरखर, रोझेटवर व्होल्टेज अस्थिर, इन्सुलेशन तपासून पेअर बदलून द्यावी.' हे वाचणाऱ्याला कळतं की समोर माहितगार माणूस आहे. दोष केबलमध्ये असेल तर पेअर, म्हणजे तुमची तारांची जोडी, बदलणं हाच खात्रीचा उपाय. रस्त्याच्या खोदकामात केबलला लागलेली कुदळ किंवा डीपीचं तुटलेलं दार याला घरात बसून काही इलाज नाही. डीपी खांबावर किंवा शेजारच्या भिंतीवर असेल तर जाता-येता एक नजर टाका. दार उघडं आणि तारा बाहेर लोंबत असतील तर मोबाइलवर फोटो काढून तक्रारीला जोडा.

आता बिलातले कॉल. इथे आधी तपशीलवार बिल मागवा आणि नंबर पाहा, कारण नंबरच सांगतो कोणी फिरवला.

जुन्या चकतीच्या फोनमध्ये आकडा म्हणजे तार तेवढ्या वेळा क्षणभर तोडणं. 1 म्हणजे एकदा, 2 म्हणजे दोनदा, 0 म्हणजे दहा वेळा, सेकंदाला दहा या गतीने. आजही अनेक जुनी एक्स्चेंज ही पद्धत स्वीकारतात. त्यामुळे वाऱ्याने हलणारी, ओलीने चिकटणारी-सुटणारी तार कधीकधी आपणहून आकडे फिरवते. ही गोष्ट नवी नाही. लंडनमध्ये 1937 साली आणीबाणीसाठी 999 हा नंबर ठरवला गेला, तेव्हा 111 बाजूला ठेवण्यामागे हेच कारण होतं: तारा एकमेकींना घासून तो आपोआप लागायचा धोका होता. आपला 112 त्या दृष्टीने अवघड जागी आहे. एक, एक आणि दोन, खराब तारेला सहज जमणारे ठोके. पोलिसांचा 'तुमच्याकडून फोन आला होता' असा उलट फोन आला, तर आधी तारेवर संशय घ्या आणि त्यांना शांतपणे तसं सांगा.

पण तार 0 फिरवू शकत नाही, असं समजून चाला. ओळीने दहा ठोके, तेही नेमक्या गतीने, पडणं फारच दुर्मिळ. आणि बाहेरगावी लावायला 0 लागतो. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइल लावायलाही आधी 0 लागतो. म्हणून बिलात मोबाइलचे किंवा एसटीडीचे नंबर असतील तर ते माणसाने लावले आहेत. आधी घरातच विचारा. माडीवर कोण राहतं, कामाला कोण येतं, नातवंडं सुट्टीत आली होती का. हे विचारताना कोणावर आळ घेऊ नका, नुसता नंबर दाखवून 'हा कोणाचा' एवढंच विचारा. कॉर्डलेस फार जुना, अॅनालॉग पद्धतीचा असेल तर शेजारच्या तशाच हँडसेटने तुमच्या बेसवरून डायल होण्याचे प्रकार पूर्वी होत. तो फोन सरळ मोडीत काढा. राहता राहिली शक्यता डीपीवर कोणी फोन अडकवून बोलण्याची. एसटीडी महाग असताना हा धंदाच होता. आता मोबाइलच्या काळात कोण कशाला तेवढे कष्ट घेईल, असं मला वाटतं. तरीही कंपनीकडून डायनॅमिक लॉकची सोय सुरू करून घ्या. गुप्त कोड टाकल्याशिवाय 0 चे कॉल लागणार नाहीत.

रात्रीच्या टिंगबद्दल एकच प्रश्न: वेळ रोज तीच आहे का? मिनिटाच्या फरकाने रोज अडीचला होत असेल तर तो एक्स्चेंजच्या यंत्रणेचा हात. गर्दी नसलेल्या वेळी तारा आपोआप तपासण्याची सोय अनेक एक्स्चेंजमध्ये असते. प्रत्येक जोडीला क्षणभर व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजलं जातं, आणि एखाद्या हलक्या घंटेच्या फोनला तेवढा धक्का पुरतो. निरुपद्रवी आहे. दुसरा फोन लावून पाहा, बहुधा वाजणार नाही. वेळ रोज बदलत असेल तर लाइटकडे पाहा. लाइट जाऊन आली, इन्व्हर्टर बदलला की कॉर्डलेसचा बेस परत सुरू होताना टिंग करतो. आणि कोणी माडीवरचा फोन उचलला किंवा ठेवला की खालच्या फोनला टिचकी बसते. माडीच्या फोनच्या बुडाशी 'टी' (टोन) आणि 'पी' (पल्स, म्हणजे चकतीच्या फोनसारखे ठोके) असं लिहिलेलं बटण असेल तर ते 'टी' वर ठेवा. 'पी' वर असेल तर तिथून डायल केलेल्या प्रत्येक आकड्याला खालचा फोन टिंगटिंगत राहतो. वडिलांनी कधी पहाटेच्या गाडीसाठी फोनवर गजर लावून घेतला होता का, तेही विचारा. काही एक्स्चेंजमध्ये ती सोय असते आणि लावणारा लावून विसरतो. पण गजराची घंटा पूर्ण वाजते, नुसता टिंग होत नाही.

संध्याकाळच्या ब्लँक कॉलमागे मात्र माणसं आहेत, फक्त त्यांना तुमच्या आई-वडिलांत काही रस नाही. कॉल सेंटरमधलं यंत्र एकाच वेळी अनेक नंबर फिरवतं, कारण बरेच जण उचलत नाहीत हा त्याचा अंदाज असतो. अंदाजापेक्षा जास्त लोकांनी उचललं की बोलायला माणूस मोकळा नसतो. मग 'हॅलो' म्हटल्यावर दोन-तीन सेकंद शांतता, कधी मागे गलबला, कधी एक 'टक्' आणि फोन बंद. सहा-सात ही वेळ त्यांना आवडते, कारण लोक घरी सापडतात. आई-वडिलांना सांगा: उचला, एकदा 'हॅलो' म्हणा, दोन सेकंद थांबा आणि ठेवून द्या. नाव सांगायचं नाही, 'कोण हवंय' याची चौकशी करायची नाही, आणि 'आम्ही गावाला निघालोय' असं तर कोणालाच सांगायचं नाही. 1909 वर फोन करून डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन बंद, करून घ्या, लँडलाइनचंही होतं. अधिकृत जाहिरातवाल्यांना 140 ने सुरू होणारे नंबर दिलेले आहेत. साध्या नंबरांवरून विक्रीचे फोन आले तर 1909 वरच तक्रार करा. कॉलर आयडी सुरू नसेल तर करून घ्या, आणि फोन पहिल्याच घंटेला उचलू नका. काही एक्स्चेंज नंबर पहिल्या आणि दुसऱ्या घंटेच्या मधल्या वेळात पाठवतात. घाईने उचलला की नंबर येतच नाही आणि मग 'नंबर लपवून फोन करतो' असा समज होतो.

काही किरकोळ प्रकार. दर तीन सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा बीप येत असेल तर ते फॅक्स मशीन आहे, चुकीचा नंबर भरलेलं, आणि ते चिकाटीने परत परत फिरवत राहणार. रिसीव्हर ठेवल्या ठेवल्या लगेच घंटा वाजत असेल तर कॉल वेटिंग असलेल्या लाइनवर आधीचा कॉल होल्डवर राहिलेला असतो. रिसीव्हर ठेवताना आपटून पुन्हा उचलण्याची सवय असलेल्या वयस्कर माणसांकडे हे फार होतं. ठेवल्यावर दोन सेकंद दाबून धरा. आणि एकाच दवाखान्याची किंवा दुकानाची विचारणा करणारे राँग नंबर येत असतील तर कोड पाहा. साताऱ्याचा 02162, कराडचा 02164. शेवटच्या एका आकड्याचा फरक आणि पुढचे सहा आकडे तेच, की साताऱ्याचं गिऱ्हाईक कराडला येतं. कराडमधल्या कोणी साताऱ्याला लावताना कोडच विसरला तरी तेच होतं. त्या दुकानाला एक फोन करून 'पाटीवर कोड ठळक छापा' म्हणावं, एवढाच उपाय.

हे सगळं चाळून झाल्यावर खरोखर त्रास देणारा माणूस उरला, तर तो वहीत ओळखू येतो. घंटा पूर्ण वाजते, श्वास किंवा हसणं ऐकू येतं, आईने उचलला तर बोलतो आणि वडिलांनी उचलला तर ठेवतो. नंबर लपवलेला असला तरी एक्स्चेंजकडे नोंद असते, पण ती ग्राहकाला सहसा देत नाहीत. पोलिसांच्या पत्रावर देतात. म्हणून लेखी तक्रार पोलीस ठाण्यात द्या, तारीख-वेळेची यादी जोडा. धमकी असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 351 लागतं, बाईमाणसाला नको असताना वारंवार फोन करून छळलं तर 78. शिव्या देऊ नका, शिट्ट्या फुंकू नका. त्याला तेच हवं असतं.

आणि एक प्रकार याहून गंभीर, तो ब्लँक नसतो. 'तुमचा टेलिफोन दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी 9 दाबा' असा रेकॉर्ड केलेला आवाज. हा फोन ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नावाने येतो, पण ट्राय असले फोन करत नाही. 9 दाबलं की पुढे खोटा अधिकारी, मग खोटा पोलीस, मग डिजिटल अरेस्ट. वयस्कर माणसं लँडलाइनवर जास्त विश्वास ठेवतात, हे या लोकांना माहीत आहे. खात्री करायची तर ती मोबाइलवरून करा, त्याच लँडलाइनवरून नाही. कारण काही जुन्या एक्स्चेंजमध्ये तुम्ही रिसीव्हर ठेवला तरी फोन करणाऱ्याने ठेवेपर्यंत लाइन सुटत नाही. तुम्ही बँकेचा नंबर फिरवला असं समजता आणि पलीकडे तोच माणूस बसलेला असतो. अशा फोनची नोंद सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' या सोयीत करता येते. पैसे गेलेच असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा.

कंपनी तांब्याऐवजी फायबर देऊ करत असेल तर घ्या. ओल, पीजी, अर्धवट घंटा, आपोआप फिरणारे आकडे, सगळं एका फटक्यात संपतं. दोन गोष्टी बदलतील. लाइट गेली की फोनही जाईल, कारण तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून मिळत होती. म्हणून फायबरच्या पेटीला इन्व्हर्टरचा पॉइंट द्या. आणि लाइट आल्यावर पेटी सुरू होताना फोन एखादा टिंग करेल. परदेशात इंटरनेटवरचे फोन वापरणाऱ्या आपल्या लोकांना वेगळाच अनुभव येतो: मध्यरात्री घंटा, कॉलर आयडीवर 100 किंवा 1001 असा भलताच नंबर, उचलला की शांतता, आणि कंपनीच्या नोंदीत असा कॉलच नाही. तिथे इंटरनेटवर उघडी पेटी शोधत फिरणारे प्रोग्राम थेट त्यांच्या अडॅप्टरला घंटा देत असतात. फक्त कंपनीच्या सर्व्हरकडूनच कॉल घ्यावेत अशी सेटिंग केली की ते थांबतं.

आईला सांगा, रात्री वायर काढू नका. आत्याला किंवा तुम्हाला खरंच काही सांगायचं असेल तर तो फोन लागला पाहिजे. घंटेचा आवाज कमी करून ठेवा. आणि वडील वैतागून नंबर बदलायला निघाले असतील तर थांबवा. नवा नंबर त्याच गंजलेल्या जोडीवर येईल, कॉल सेंटरचं यंत्र त्यालाही शोधून काढेल, आणि नव्या नंबराचा आधीचा मालक कर्ज बुडवून गेलेला निघाला तर वसुलीवाल्यांचे फोन वर. आधी रोझेट उघडा. आत काय दिसतं त्याचा फोटो, मल्टिमीटरचे दोन आकडे आणि वहीचं पहिलं पान पाठवा, पुढचं तेव्हा सांगतो.